गच्ची पांढरी करण्याआधी: थंड छताचं काम कोणत्या क्रमानं करावं

उत्तरायण सरली की बडोद्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा गच्चीवर काय मारायचं? मग कुणीतरी रंगाच्या दुकानातून एक डबा आणतो, रविवारी दोन माणसं लावतो आणि संध्याकाळपर्यंत गच्ची पांढरीफेक होते. पुढच्या दिवाळीला तिचे पोपडे सुपलीत भरून टाकावे लागतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये निकाल लागतो, "ते पांढरं वगैरे आपल्याकडे टिकत नाही."

टिकतं. पण डबा उघडण्याआधीची कामं झालेली असावी लागतात, आणि तीच नेमकी गाळली जातात. म्हणून या लेखात रंगकामापेक्षा तयारीलाच जास्त जागा दिली आहे. लेख मुख्यतः सिमेंटच्या सपाट गच्चीबद्दल आहे; पत्र्याच्या छपरासाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

आधी अपेक्षा नीट ठरवा

उघडा करडा कोबा त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातला साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पोटात घेतो. चांगला पांढरा लेप नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतो. खोलीच्या हिशेबात सांगायचं तर वरच्या मजल्यावर साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग खोलीत संध्याकाळनंतर उतरते, त्यामुळे फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो रात्री झोपताना. शहराचंही तेच गणित आहे: दिवसा शोषलेली उष्णता हजारो गच्च्या रात्रभर बाहेर टाकत राहतात, म्हणून दाट वस्तीत रात्र निवत नाही. वर जितक्या एसींची गरम हवा कमी, तितकं गल्लीतही बरं.

दोन गोष्टी मात्र या कामानं होत नाहीत. तीन मजली घराच्या तळमजल्याला काहीही फायदा नाही. आणि पश्चिमेची उघडी भिंत किंवा काचेची खिडकी तापत असेल तर गच्ची पांढरी करून ती निवणार नाही. तिथे पडदी, जाळी किंवा झाड लागेल. हिवाळ्यात घर जास्त गार पडेल अशी भीती काही जण घालतात. बडोद्याच्या थंडीत ती मनावर घेण्यासारखी नाही.

टप्पा १: दिवस निवडा

आपल्याकडे चांगला काळ म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च. हवा कोरडी, ऊन बेताचं, आणि जूनच्या मध्यापर्यंत पाऊस नाही.

दिवाळीच्या रंगकामात गच्ची उरकून घेण्याची पद्धत मोडा. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत १४ आणि १५ जानेवारी येतात, म्हणजे उत्तरायणीचे, पतंगांचे दिवस. अख्खं घर, पाहुणे, खुर्च्या, स्पीकर आणि उंधियूची पातेली, सगळं गच्चीवर. नव्या लेपावर खुर्चीचे पाय दिवसभर घासले की तिथूनच तो सुटायला लागतो. शिवाय काम नेमकं उन्हाळ्यासाठी केलेलं आणि उन्हाळा यायच्या आधी त्याच्यावर चार महिन्यांची धूळ. धुळेटी गच्चीवर खेळत असाल तर काम तिच्यानंतर घ्या. पांढऱ्यावर बसलेला पक्का गुलाबी निघत नाही.

मे महिन्यात गरज सगळ्यात जास्त वाटते, पण लेपाला तो महिना सगळ्यात वाईट. तापलेल्या स्लॅबवर लेपातलं पाणी क्षणात उडतं, बुडबुडे येतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. पावसात पाणी शिरतं ते याच भोकांतून.

*तपासा:* उघडा तळहात गच्चीवर टेका. दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता येत नसेल तर त्या वेळी काम नको.

टप्पा २: पाणी भरून बघा

पांढरा लेप म्हणजे गळतीवरचा उपाय नाही. काही लेप दोन्ही कामं करतात, पण आधीच गळणाऱ्या, ओल धरलेल्या स्लॅबवर कोणताही लेप मारला तरी आतली वाफ त्याला खालून उचलते.

पावसाच्या पाइपांची तोंडं चिंध्या आणि मातीनं बुजवा, गच्चीवर दीडदोन इंच पाणी भरा आणि २४ तास ठेवा. खालच्या छताला कुठे डाग येतो ते खडूनं खुणवा. पाणी सोडल्यावर तासाभरानं वर जा आणि जिथे डबकी उरली असतील त्यांच्याभोवती रेघ ओढा. डबक्याची जागा लेपासाठी कायमची कटकट: पाणी साचतं, पाण्याबरोबर माती येते, माती वाळून काळा थर बसतो आणि तिथलं परावर्तन संपतं.

*सावधान:* मांडवी किंवा रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत लाकडी तुळयांवरची गच्ची असेल तर ही चाचणी करू नका. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. तिथे नुसतं पाणी शिंपडून ओल कुठे मुरते ते पाहा.

सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर तोही इथेच उरकून घ्या. क्रम असा: गळती, मग लेप, मग पॅनेल. बरीच घरं उलटं करतात आणि मग रंगारी पॅनेलखाली अर्धवट हात घालून जमेल तेवढं मारतो. पॅनेलचे स्टँड भोक पाडून बोल्टनं बसवायचे की सिमेंटच्या ठोकळ्यांवर, हे ठेकेदाराला आधीच विचारा. ठोकळे बरे. भोक पाडायचंच असेल तर ते लेपाआधी पाडून, बोल्ट बसवून, भोवती नीट भरून घ्या.

टप्पा ३: काय लावायचं ते ठरवा

*चुना.* सगळ्यात स्वस्त. एका उन्हाळ्यापुरता, पहिल्या जोरदार पावसात बराचसा वाहून जातो. भाड्याच्या घराला, तात्पुरत्या छपराला, किंवा यंदा हात आखडता असेल तर उत्तम.

*पांढरा परावर्तक लेप.* डब्यात मिळणारा, रबरासारखा ताणला जाणारा. नीट लावला तर काही वर्षं टिकतो. हा लेख जास्त करून याच्याबद्दल आहे.

*चायना मोझेक.* पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. गुजरातेत कडियांना, म्हणजे गवंड्यांना, याचा हात बसलेला आहे आणि काम वर्षानुवर्षं टिकतं. पण स्लॅबवर वजन येतं, आणि पांढऱ्यात रंगीत तुकड्यांची नक्षी घुसडायचा मोह कडियाला आवरत नाही. नक्षी हवीच असेल तर जिन्यासमोर घ्या, बाकी सगळी पांढरी.

लेप घेताना दुकानदाराचं "एकदम कूल, साहेब" बाजूला ठेवून माहितीपत्रक मागा. त्यात दोन आकडे शोधा. पहिला सौर परावर्तन, म्हणजे किती ऊन परत फेकतो. दुसरा उष्णता उत्सर्जन, म्हणजे जेवढा तापला तेवढी उष्णता किती सहज सोडून देतो. दोन्ही ० ते १ मध्ये असतात. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत सपाट छतासाठी सुरुवातीचं परावर्तन किमान ०.६ आणि उत्सर्जन किमान ०.९ मागितलेलं आहे. आपल्या घराला ती संहिता लागू नसली तरी खरेदीची पट्टी म्हणून हे आकडे चांगले. दोन्ही मिळून एकच आकडा एसआरआय नावानं छापलेला असतो. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला ०, प्रमाण पांढऱ्याला १००. आकडेच छापलेले नसतील तर तो डबा नुसता पांढरा रंग आहे असं धरा.

*नेहमीच्या चुका:* भिंतीचा उरलेला पांढरा एक्स्टिरियर रंग गच्चीवर मारणं. तो उभ्या भिंतीसाठी बनवलेला असतो. आडव्या, पाणी साचणाऱ्या जागी सुटतो. दुसरी, चंदेरी अॅल्युमिनियम रंग. चमकतो म्हणून थंड असेल असं वाटतं, पण त्याचं उत्सर्जन कमी, म्हणजे आत घेतलेली उष्णता तो धरून बसतो. तिसरी, पाणीरोधक म्हणून विटकरी किंवा हिरवा लेप घेणं. पाणी अडेल, ऊन नाही.

टप्पा ४: मोजमाप आणि जाडी

फसवणूक, जाणून किंवा नकळत, सगळ्यात जास्त होते ती इथे. म्हणून जरा थांबून हिशेब समजून घ्या.

१ लिटर लेप १ चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १ मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा होतो. वाळल्यावर त्यातलं पाणी उडतं. माहितीपत्रकात घनभाग ५० टक्के लिहिला असेल तर सुका थर ५०० मायक्रॉन उरतो.

आता तुमची गच्ची ३० बाय ४०, म्हणजे १२०० चौरस फूट. १०.७६ नं भागा: साधारण १११ चौरस मीटर. समजा पत्रकात सुकी जाडी ३०० मायक्रॉन सांगितली आहे. घनभाग ५० टक्के असेल तर ओला थर ६०० मायक्रॉनचा लागेल, म्हणजे चौरस मीटरला ०.६ लिटर. १११ गुणिले ०.६, म्हणजे जवळजवळ ६७ लिटर.

रंगारी म्हणतो, "काका, वीसचा एक डबा बस झाला." वीस लिटर १११ चौरस मीटरवर पसरले की सुका थर ९० मायक्रॉनचा. दिसायला गच्ची तितकीच पांढरी. फोटोत फरक शून्य. मार्चमध्ये खोलीही थंड. पण पुढच्या मार्चला त्यातून करडा कोबा डोकावायला लागतो.

म्हणून मजुरी चौरस फुटाच्या दरानं ठरवा, माल स्वतः आणा आणि रिकामे डबे मोजून घ्या. मोजमापात पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, आतली बाजू किमान एक फूट उंचीपर्यंत धरा, आणि जिन्याच्या खोलीवरचं छोटं छत विसरू नका. ते जिन्यात भट्टी पेटवतं आणि बहुतेकदा तसंच राहून जातं.

टप्पा ५: सफाई

पारव्यांची विष्ठा कोरडी खरवडू नका. ती धूळ छातीत जाते. आधी पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मग पत्र्याच्या खरवडणीनं काढा.

शेवाळ, विशेषतः टाकीच्या खालचं आणि उत्तरेच्या पॅरापेटला लागून असलेलं काळं शेवाळ, तारेच्या ब्रशनं घासून त्यावर पाण्यात मिसळलेलं ब्लीच मारा, थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. ते नुसतं झाकलं तर लेपाखालून पुन्हा वर येतं.

*सावधान:* ब्लीच आणि अॅसिड एकाच दिवशी, एकाच गच्चीवर नको. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. खरं तर अॅसिड हवंच कशाला? ते सिमेंटचा वरचा थर खातं.

जुना चुना किंवा सुटलेला जुना रंग पूर्ण काढा. पूर्ण म्हणजे पूर्ण. दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर लेपाचा वीतभर तुकडा माझ्या हातात आला होता. वरून गुळगुळीत, रबरी, ताणला तरी न तुटणारा, लेप म्हणून काहीच खोट नव्हती. उलटा केला तर मागे पिठासारखा पांढरा चुना चिकटलेला. आदल्या वर्षीच्या चुन्यावरच लेप मारलेला होता. लेपानं चुन्याला घट्ट धरलं, चुन्यानं गच्चीला सोडलं.

*तपासा:* धुऊन वाळलेल्या गच्चीवर काळा कपडा घासा. पांढरं पीठ लागलं तर पुन्हा घासा, पुन्हा धुवा.

टप्पा ६: भेगा, डबकी, वाटा

केसाएवढ्या भेगा लेप स्वतः भरतो. त्यापेक्षा रुंद भेग छिन्नीनं इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा, धूळ ब्रशनं काढा, क्रॅक फिलर दाबून भरा. नुसत्या वरून फासलेल्या पांढऱ्या सिमेंटनं भेग बुजत नाही. स्लॅब उन्हात फुगतो, रात्री आकसतो, आणि ती पुन्हा उघडते. लांब भेगांवर फायबरची जाळी लेपाच्या पहिल्या हातात बसवा.

खुणा केलेली डबकी पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्यानं भरून उतार पाइपाकडे न्या.

गच्ची आणि पॅरापेट जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात उघडा असेल तर कडियाकडून तिथे वाटा काढून घ्या, म्हणजे मसाल्याची गोलाई. बहुतेक गळती याच कोपऱ्यातून होते, गच्चीच्या मध्यातून नव्हे. पाइपाच्या तोंडाभोवतीही तसंच. नव्या मसाल्याला आठवडाभर पाणी मारा, मग वाळू द्या. दुरुस्ती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावणाऱ्यांनी इथपर्यंतची मेहनत फुकट घालवली म्हणून समजा.

टप्पा ७: ओल गेली का?

वरून कोरडी दिसणारी गच्ची आतून ओली असू शकते. विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर हमखास.

*तपासा:* दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवा. दुपारी लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी उचला. खाली थेंब किंवा काळसर ओला डाग असेल तर आणखी चार दिवस ऊन खाऊ द्या आणि पुन्हा पाहा. दोनतीन वेगवेगळ्या जागी करा. त्यातली एक टाकीजवळची असू द्या.

टप्पा ८: लेपाचे हात

फेब्रुवारीत सकाळी दव असतं. ते सुकल्यावर, नऊनंतर सुरू करा आणि दुपारी तीनच्या आत थांबा, म्हणजे रात्रीच्या दवाआधी थर धरतो. मार्चअखेर किंवा एप्रिल असेल तर उजाडताच सुरू करून दहाला बंद.

१. आधी वाटा, पाइपांची तोंडं, भेगांवरची जाळी आणि टाकीच्या पायांभोवती ब्रशनं मारा.

२. मग प्रायमर, किंवा पत्रकात सांगितलं असेल तसा पातळ केलेला पहिला थर. त्याच्यापुढे पाणी घालणं बंद. रंगाऱ्याला रोलर हलका चालायला हवा असतो म्हणून तो बादलीत तांब्याभर पाणी ओततोच. त्या वेळी तुम्ही गच्चीवर असा. चहा तिथेच मागवा.

३. पहिला हात पूर्व-पश्चिम, दुसरा उत्तर-दक्षिण. आडवा-उभा केल्यानं सुटलेल्या जागा झाकल्या जातात. दोन हातांमध्ये पत्रकात दिलेला वेळ, शक्यतो रात्रभर.

४. सुरुवात जिन्यापासून दूरच्या कोपऱ्यातून. सांगायला नको असं वाटतं, पण ओल्या लेपावरून परत आलेल्या चपलांचे ठसे कितीतरी गच्च्यांवर कायमचे उमटलेले आहेत.

५. तिसरा हात निदान पाण्याच्या वाटेवर आणि जिन्याच्या दारासमोर, जिथे सगळ्यांचे पाय पडतात.

दोनतीन दिवस कुणी वर जाऊ नये. पाण्याची टाकी काळी असेल तर उरलेल्या लेपातून तिलाही बाहेरून दोन हात मारा, आधी पृष्ठभाग खरकागदानं घासून. मे महिन्यात नळाला येणारं कढत पाणी नक्की कमी होईल.

चुना लावणार असाल तर

सफाई आणि दुरुस्ती तीच. कळीचा चुना १ किलोला साधारण ५ लिटर पाणी. तो विरताना उकळतो आणि उडतो, म्हणून पत्र्याच्या पिंपात विरवा, प्लास्टिकच्या बादलीत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, मुलं दूर. २४ तास मुरू द्या, जाड्या कापडातून गाळा, मग चिकटीसाठी डिंकाचं पाणी किंवा फेविकॉलसारखं चिकटद्रव्य थोडं घाला. गच्ची हलकी ओली करून संध्याकाळी मारा. तापलेल्या कोरड्या गच्चीवर चुना पकड घेत नाही, भुकटी होऊन उडतो. पातळ तीन हात, एका जाड हातापेक्षा कधीही चांगले. भिंतीच्या चुन्यात घालतात तशी नीळ गच्चीसाठी नको. ती डोळ्याला पांढरं भासवते, ऊन परत फेकायला तिची मदत नाही.

चुन्याच्या गच्चीवर कुरडया-पापड थेट घालू नका. बाजेवर किंवा चादर-प्लास्टिकवर घाला. लेपाच्या गच्चीवरही हेच, पण कारण उलटं: मिरचीचा आणि तेलाचा डाग लेपावरून जात नाही.

पत्र्याचं छप्पर

लोखंडी पत्रा असेल तर गंज घासून काढा, गंजरोधक प्रायमर, मग धातूसाठीचा पांढरा लेप. स्क्रूच्या टोप्या आणि पत्र्यांचे जोड आधी.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर जास्त जपा. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं. कोरडं घासणं, खरवडणं, ग्राइंडर लावणं पूर्ण वर्ज्य. फक्त ओलं करून मऊ ब्रशनं शेवाळ काढा. आणि या पत्र्यांवर कधीही थेट पाय देऊ नका, ते सूचना न देता फुटतात. खालच्या आधारांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच काम करा.

नंतर

फरक मोजायचा असेल तर बिलाचे रुपये नको, युनिट पाहा, आणि ते गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी लावून पाहा. खोली निवल्यावर एसी एकदोन अंश वर न्या. दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. गच्ची पांढरी करून एसी अठरावरच ठेवलात तर बचत थोडकी राहील.

धुळीनं लेप मळतो आणि परावर्तन घटतं. दरवर्षी होळीच्या सुमाराला मऊ झाडू आणि साध्या साबणाच्या पाण्यानं गच्ची धुवा. तारेचा ब्रश नको. पावसाळ्याआधी पाइपांची तोंडं मोकळी करा. उत्तरायणीला खुर्च्यांच्या पायांखाली जुनी सतरंजी अंथरा.

पावसाळा संपल्यावर एकदा वाटा आणि पाइपांच्या तोंडाजवळ बोट फिरवून बघा. कडा उचललेली सापडली तर तेवढाच भाग कापून, घासून, दोन हात मारा. त्यासाठी लिटर-दीड लिटर लेप झाकण घट्ट लावून सावलीत ठेवलेला असावा, आणि डब्यावर काम केल्याची तारीख मार्करनं लिहिलेली.